मशीनमागे किती घ्यायचे? संगणक देखभाल कराराबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी एकाच व्यवसायातले प्रश्न एकत्र घेतले आहेत. दुरुस्तीचं दुकान नुकतं सुरू केलेल्या आणि पहिल्यांदाच वार्षिक देखभाल करार, म्हणजे एएमसी, घेऊ पाहणाऱ्या वाचकांचे हे प्रश्न आहेत.

प्रश्न : संगणक दुरुस्तीचं दुकान नवीनच आहे. एका सीए ऑफिसने एएमसीचं कोटेशन मागितलंय. बारा संगणक, दोन लेझर प्रिंटर, त्यातल्याच एका मशीनवर टॅलीचा डेटा. पार्ट त्यांचे, काम माझं. बाजारात मशीनमागे हजार रुपये चालतात असं ऐकतो. मीही तेवढेच सांगू का? – इचलकरंजी

लगेच सांगू नका. आधी तुमचा एक तास तुम्हाला कितीला पडतो ते काढा. आम्ही इथे उदाहरणाचे आकडे धरतो, तुम्ही तुमचे घाला. घरखर्चाला महिन्याला तीस हजार हवेत, तर वर्षाचे ३,६०,०००. दुकानभाडं महिना आठ हजारांप्रमाणे ९६,०००. पेट्रोल आणि गाडीचं काम ५४,०००. फोन आणि इंटरनेट १८,०००. हत्यारं, तपासणीसाठी ठेवलेले सुटे पार्ट आणि त्यातली घट ३०,०००. हिशेबनीस २४,०००. विमा, व्यवसाय कराचे २,५०० आणि किरकोळ मिळून १८,०००. बेरीज सहा लाख.

आता तास. वर्षात कामाचे दिवस ३००. दिवसाला आठ तास राबलात तरी पैसे देणारे तास चारच धरा. बाकीचे रस्त्यात, पार्ट आणण्यात, कोटेशन करण्यात, वसुलीत आणि दुकानावर नुसती चौकशी करायला येणाऱ्यांशी बोलण्यात जातात. म्हणजे वर्षाचे १,२०० तास, आणि तासाचा खर्च ५०० रुपये. त्यावर वीस टक्के नफा धरून ६००. नवा माणूस चुकतो तो इथेच. आठही तास विकले जातील असं धरलं की तास २५० रुपयांना पडल्यासारखा वाटतो, कोटेशन स्वस्त जातं, कामं भरपूर मिळतात आणि वर्षअखेरीला स्वतःचा पगार निघत नाही.

मग या ऑफिसला किती तास लागतील ते मोजा. त्यासाठी कोटेशनआधी एकदा तिथे जाऊन प्रत्येक मशीनचा प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि वय लिहून आणा. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनाने डिस्कची प्रकृतीही पाहून घ्या. ‘कॉशन’ दाखवणाऱ्या डिस्क कराराआधीच ग्राहकाला कळल्या पाहिजेत.

नियमित तपासणीत ब्लोअरने धूळ काढणं, रॅमचे संपर्क पुसणं, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा भाग) आणि प्रोसेसरचे पंखे, डिस्कची तपासणी, अपडेट आणि अँटीव्हायरस यांना मशीनमागे २५ मिनिटं लागतात. बारा मशीनचे पाच तास. प्रिंटरचा पिकअप रोलर पुसणं, आतली सांडलेली पावडर काढणं, टेफ्लॉन, म्हणजे पावडर कागदावर पक्की करणाऱ्या गरम रोलरचं आवरण, पाहणं यांना प्रत्येकी अर्धा तास. एका फेरीचे सहा तास झाले, तीन महिन्यांनी एक फेरी म्हणजे वर्षाला २४.

बिघाडाचे कॉल पहिल्या वर्षी अंदाजानेच धरावे लागतात. तीन वर्षांच्या आतल्या मशीनला वर्षाला एक, तीन ते सहा वर्षांच्या मशीनला दोन, त्याहून जुन्याला तीन आणि प्रिंटरला चार, असं धरून सुरुवात करा. चार नवी, पाच मधली, तीन जुनी आणि दोन प्रिंटर असतील तर ३१ कॉल होतात. त्यातले दहा फोनवर किंवा एनीडेस्कवर, म्हणजे दुरूनच मशीन चालवून, वीस-वीस मिनिटांत सुटले आणि २१ ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन सव्वा तास लागला, तर साधारण ३० तास. टॅलीचा बॅकअप खरोखर उघडतो का हे महिन्यातून एकदा पाहायला अर्धा तास, वर्षाचे सहा. एकूण ६० तास, ६०० रुपयांनी ३६,०००.

मशीनमागे तीन हजार झाले. हजाराच्या दराने १२,००० मिळतील, म्हणजे तुमचे फक्त वीस तास. नुसत्या चार तपासण्यांनाच २४ लागतात. हजारात करार घेणारा एक तर तपासणीला फिरकत नाही किंवा प्रत्येक कॉलला एक पार्ट बदलून पैसे काढतो. दुसरी सवय या धंद्याची पत घालवणारी आहे, तिच्या वाटेला जाऊ नका.

ग्राहक ३६,००० ला तयार होणार नाही, हेही खरं. तेव्हा दर पाडू नका, काम कमी करा. तपासण्या चारऐवजी दोन ठेवल्या की बारा तास वाचतात. तीन जुनी मशीन करारातून काढून प्रत्येक कॉलच्या दराने ठेवली की त्यांच्या कॉलचे साडेआठ आणि तपासणीचे अडीच तास जातात. उरले ३७ तास, २२,२०० रुपये. कोटेशनमध्ये दोन्ही आकडे कामाच्या यादीसह शेजारी-शेजारी द्या. सीए ऑफिसला हिशेब वाचता येतो. कशामुळे किती कमी झालं हे दिसलं की घासाघीस नेमक्या मुद्द्यावर होते. जुन्या मशीनमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर ती बदलून एसएसडी घालायचं वेगळं कोटेशनही त्याच वेळी द्या. ‘मशीन हळू चालतं’ या एका तक्रारीचे कॉल त्याने बरेच घटतात.

तपासणीच्या तारखाही करारात घाला. जुलै-सप्टेंबरच्या आयकराच्या धावपळीत किंवा महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास, जीएसटी रिटर्नच्या घाईत, तिथे मशीन उघडू देणार नाहीत. मे आणि डिसेंबर बरे.

पहिल्या दिवसापासून कॉल रजिस्टर ठेवा: तक्रार आल्याची वेळ, मशीन क्रमांक, लक्षण, कारण, लागलेली मिनिटं, पार्ट. पुढच्या वर्षीचा दर अंदाजावर राहणार नाही.

प्रश्न : टॉवेल कारखान्यात २५ संगणक आहेत. मालकांना ‘सगळं तुमच्यावर’ असा पार्टसह करार हवा आहे. पार्टचे किती लावू? – सोलापूर

पार्टसह करार, ज्याला सगळे कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतात, तो एक प्रकारे विमाच आहे. विमा देणाऱ्याने आधी जोखीम पाहायची असते. कारखान्यात दोन गोष्टी पाहा. पहिली तंतूंची धूळ. सुताचे बारीक तंतू हीटसिंक आणि एसएमपीएसच्या पंख्यात नमद्यासारखे बसतात, हवा अडते, तापमान चढतं आणि मशीन आपोआप बंद पडू लागतं. उत्पादन विभागाच्या आतल्या मशीनना तीन महिन्यांनी एक तपासणी पुरत नाही, महिन्याला एक लागते. ते तास धरा.

दुसरी गोष्ट अर्थिंग. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तिन्ही व्होल्टेज प्रत्येक स्विचबोर्डावर मोजा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त येत असेल, किंवा कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी इलेक्ट्रिशियनकडून काम करून घ्यायला सांगा. तशा वायरिंगवर एसएमपीएस, लॅन पोर्ट आणि मदरबोर्ड तुमच्या खिशातून जळत राहतील. मोजलेले आकडे कागदावर घेऊन मालकांची सही घ्या.

आता पार्टची रक्कम. यादी करा, वर्षभरात कोणता पार्ट किती जाईल ते लिहा आणि घाऊक विक्रेत्याचा त्या दिवशीचा भाव लावा. समजा चार एसएमपीएस ९०० प्रमाणे ३,६००, तीन एसएसडी २,५०० प्रमाणे ७,५००, दोन रॅम २,५०० प्रमाणे ५,०००, दोन मदरबोर्ड ५,००० प्रमाणे १०,०००, पाच पंखे ३०० प्रमाणे १,५०० आणि सहा सीएमओएस सेल २४० रुपयांचे. बेरीज २७,८४०. अंदाज चुकण्यासाठी तीस टक्के वर, म्हणजे ३६,२०० च्या आसपास. मशीनमागे साधारण १,४५० रुपये, आणि हे मजुरीच्या वर. पार्टसह करारात मजुरी बऱ्याचदा नुसत्या ठोकळ अंदाजाने लावली जाते. तसं न करता वरच्या उत्तराप्रमाणे तास मोजूनच लावा.

भाव त्या दिवशीचा घ्या म्हणण्याला कारण आहे. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी वेगाने महागले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचं उत्पादन एआय सर्व्हरकडे वळलं. त्याआधी वर्षभराच्या दराने पार्टसह करार केलेल्यांना फरक स्वतः सोसावा लागला. म्हणून एक कलम घाला: एखाद्या पार्टचा भाव कराराच्या दिवसापेक्षा वीस टक्क्यांहून जास्त चढला तर वरचा फरक ग्राहकाचा. दुसरं कलम: एका मशीनचा दुरुस्तीखर्च त्याच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून वर गेला तर ते मशीन करारातून बाहेर आणि उरलेल्या महिन्यांची रक्कम परत. जुन्या चिपसेटचे मूळ बनावटीचे बोर्ड बाजारात मिळत नाहीत. ‘समतुल्य पार्ट’ असा शब्द लिहून ठेवा, नाहीतर मालक त्याच कंपनीचा बोर्ड मागतील.

कराराबाहेर काय, हे नावानिशी लिहा. यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएच बॅटरी, टोनर, ड्रम, टेफ्लॉन आणि प्रेशर रोलर, इंकजेटचं हेड, कीबोर्ड-माऊस, लॅपटॉपचा स्क्रीन, बॅटरी आणि चार्जर, वीज पडणं, पाणी, उंदराने कुरतडलेली वायर. ‘झिजणाऱ्या वस्तू वगळून’ एवढंच लिहिलं तर टेफ्लॉन झिजणारा की प्रिंटरचा भाग यावर वाद होणारच.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या मशीनवर व्हायरसचं काम वाढेल. अशा मशीनचं सॉफ्टवेअर काम पार्टसह करारात फुकट धरू नका.

प्रश्न : पॅथॉलॉजी लॅबला ‘तासाभरात दुरुस्ती’ असं लिहून हवंय. लिहू का? – नाशिक

दुरुस्तीची वेळ लिहू नका, पोहोचण्याची लिहा. बोर्ड गेला तर पार्ट पुण्या-मुंबईहून यायला दुसरा दिवस उजाडतो, ते तुमच्या हातात नाही. करारात तीन वेळा वेगळ्या लिहा: फोनवर उत्तर अर्ध्या तासात, माणूस चार कामकाजी तासांत, आणि बिघाड त्या दिवशी सुटला नाही तर चालू स्थितीतलं पर्यायी मशीन. ‘कामकाजी तास’ म्हणजे सोमवार ते शनिवार सकाळी दहा ते सात, हेही लिहा. लॅब रविवारी सकाळी उघडी असते आणि वाद तिथेच होतो.

पर्यायी मशीन तुमच्याकडे पडून राहणार, त्याची किंमत दरात धरा. ३०,००० चं मशीन तीन वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाचे १०,०००. पाच करारांत वाटले तर प्रत्येकी २,०००. तपासणी यंत्राला जोडलेल्या संगणकात मात्र हात घालायच्या आधी यंत्राच्या कंपनीची लेखी परवानगी मागा. त्यात बऱ्याचदा जुनी विंडोज, सिरियल पोर्ट आणि ठरावीक ड्रायव्हर असतात. एक अपडेट चालवला की यंत्राशी संपर्क तुटतो आणि त्यांची वॉरंटीही धोक्यात येते.

रुग्णांच्या रिपोर्टचा बॅकअप कोण घेणार, तेही स्पष्ट हवं. तुम्ही घेणार असाल तर तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक लॅबबाहेर. आणि त्याचे वेगळे पैसे. घेणार नसाल तर ‘डेटाची जबाबदारी ग्राहकाची’ हे वाक्य त्यांना वाचून दाखवूनच सही घ्या. गेलेला डेटा परत मिळवणं हे करारातलं काम कधीच नसावं.

प्रश्न : उलाढाल अजून आठ-नऊ लाख आहे. जीएसटी लावू का? आणि एका कंपनीने माझ्या बिलातून १० टक्के टीडीएस कापला, ते बरोबर आहे का? – चाकण

सेवेसाठी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला २० लाख आहे. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावता येत नाही. पण तुमचे बहुतेक ग्राहक कंपन्या असतील तर स्वेच्छेने नोंदणी करणं फायद्याचं ठरू शकतं: देखभालीवरचा १८ टक्के कर त्या क्रेडिट म्हणून घेतात, म्हणजे स्वतःच्या जीएसटीतून वजा करतात, आणि तुम्ही पार्टवर भरलेला कर तुम्हाला वळता होतो. शाळा, घरगुती ग्राहक आणि लहान दुकानदार जास्त असतील तर उलट आहे. त्यांना तो कर खर्चच पडतो आणि तुमचं कोटेशन १८ टक्क्यांनी महाग दिसतं. सेवा देणाऱ्यांसाठी ५० लाखांपर्यंत ६ टक्क्यांची कंपोझिशन योजना आहे, तिच्यात मात्र ग्राहकाकडून कर वेगळा घेता येत नाही आणि क्रेडिटही मिळत नाही.

नोंदणी झाल्यावर एक खाचखळगा लक्षात ठेवा. सेवेचं आगाऊ पेमेंट आलं की त्या महिन्यातच पूर्ण रकमेवर कर देय होतो. वर्षाचे ५०,००० एकरकमी घेतलेत तर ९,००० कर लगेच भरायचा. तो पैसा दुकानात फिरवू नका.

टीडीएसबद्दल, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या आयकराबद्दल: नेहमीच्या देखभालीचा करार, पार्टसह असला तरी, कंत्राटाच्या तरतुदीत बसतो, असं प्रत्यक्ष कर मंडळाने १९९५ च्या ७१५ क्रमांकाच्या परिपत्रकात म्हटलं आहे. तुमचा व्यवसाय वैयक्तिक मालकीचा असेल तर दर १ टक्का, भागीदारी किंवा कंपनी असेल तर २ टक्के. तोही एक बिल ३०,००० च्या वर किंवा वर्षाची बिलं एक लाखाच्या वर गेली तरच, आणि जीएसटी वेगळा दाखवला असेल तर तो सोडून उरलेल्या रकमेवर. १० टक्के हा व्यावसायिक सल्ल्याचा दर आहे. बिलावर ‘कन्सल्टन्सी’ किंवा ‘प्रोफेशनल चार्जेस’ लिहिलं असेल तर लेखापाल तोच लावतो. ‘वार्षिक देखभाल कंत्राट शुल्क’ लिहा आणि पॅन द्या. पॅन नसेल तर २० टक्के कापले जातात. आधी कापलेली रक्कम बुडत नाही, रिटर्न भरताना वळती होते. फक्त कंपनीने ती तुमच्या पॅनवर भरल्याचं आयकर पोर्टलवर तपासा.

प्रश्न : माध्यमिक शाळेच्या लॅबमधले ३० संगणक. शाळा मशीनमागे सहाशेच्या वर जायला तयार नाही, आणि विंडोज ‘तुमच्याकडचीच’ टाका म्हणते. – वाई

दुसऱ्या मागणीला नाही म्हणा, काम गेलं तरी. पायरेटेड प्रोग्राम जाणूनबुजून वापरणं हा कॉपीराइट कायद्याच्या ६३ब कलमाखाली गुन्हा आहे: किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते दोन लाख दंड. क्रॅक टाकणारा तंत्रज्ञ सुटेल असं समजू नका. शाळेला उबुंटू आणि लिब्रेऑफिस ही मोफत सॉफ्टवेअर टाकून द्या. अभ्यासक्रमाला विंडोज लागतेच असेल तर शैक्षणिक दरातल्या परवान्याचं कोटेशन वेगळं द्या.

सहाशे रुपये मात्र इथे शक्य आहेत. एकसारखी ३० मशीन असली की एक नीट तयार करायचं, क्लोनझिला या साधनाने त्याच्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्यायची आणि बाकीच्यांवर ओतायची. लॅबमधला निम्मा बिघाड मुलांनी बदललेल्या सेटिंगचा असतो, तो दुरुस्त करत बसायचं नाही, प्रतिमा पुन्हा ओतायची. १८,००० म्हणजे तासाला ६०० च्या दराने तुमचे ३० तास. दोन तपासण्या, दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत, मशीनमागे वीस मिनिटं, प्रत्येकी दहा तास. उरलेल्या दहा तासांत आठ भेटी, त्याही शिक्षकांनी आठवडाभराच्या तक्रारी वहीत लिहून एकत्र बोलावल्यावर. नववी भेट पैसे देऊन. एवढं कागदावर मान्य असेल तर करार घ्या.

प्रश्न : करारातल्या ऑफिसचे लोक घरचे लॅपटॉप, मोबाइल, सीसीटीव्ही सगळं पुढे करतात. नाही म्हणवत नाही. – लातूर

कराराला मशीनची यादी जोडा, सिरियल नंबरसह, आणि प्रत्येकावर स्टिकर लावा. स्टिकर नसलेल्या वस्तूसाठी छापील दरपत्रक खिशात ठेवा. मालकांचा एक लॅपटॉप फुकट पाहायचा असेल तर पाहा, पण तो कॉल रजिस्टरमध्ये शून्य रुपये म्हणून नोंदवा. नूतनीकरणाच्या वेळी तो दाखवता येतो.

प्रश्न : काम वर्षभर केलं, पैसे मात्र चार-चार महिने थकतात. – भिवंडी

वर्षअखेरीला पैसे, अशी अट मान्यच करू नका. तिमाहीचे पैसे तिमाहीच्या सुरुवातीला घ्या, आणि १५ दिवसांत न आल्यास सेवा थांबेल हे करारात लिहा. पहिल्या तिमाहीत तपासणी आणि साफसफाईचं सर्वांत जास्त काम होतं, म्हणून पहिला हप्ता ४० टक्क्यांचा आणि पुढचे तीन २० टक्क्यांचे ठेवले तर मध्येच करार मोडणाऱ्याकडून नुकसान होत नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, करार करण्याआधी करून घ्या. ती मोफत आहे, मध्यस्थाला पैसे देऊ नका. नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागतं. २०२४-२५ या आकारणी वर्षापासून आयकरातही तरतूद आहे की या मुदतीत न दिलेली रक्कम ग्राहकाला त्या वर्षाचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, ज्या वर्षी देईल त्या वर्षीच मिळते. मालकापेक्षा त्याच्या लेखापालाला हे जास्त लवकर समजतं, म्हणून फेब्रुवारीत थकबाकीचं पत्र लेखापालाच्या नावे पाठवा. तरीही पैसे आले नाहीत तर एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. त्यासाठी करार, बिलं आणि ग्राहकाच्या सहीचे सेवा अहवाल लागतात. प्रत्येक भेटीनंतर अहवालावर सही घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका.